गौरव अंकातल्या जलपऱ्या

६ जानेवारी
सकाळी आनंदरावांचा फोन. आमच्या जुन्या पोहण्याच्या क्लबातले, आता तिथल्या आमच्या सरांच्या सत्कार समितीचे सचिव. सरांना पंच्याऐंशी पूर्ण होताहेत. फेटा, शाल, हलगी, गौरव अंक, सगळं ठरलंय. "ताई, तुमच्या लेखाबिगर अंक न्हाई निघायचा. कॉन्व्हेंटच्या तुम्ही, तपासायला बी नको. दोन-तीन पानं आन् एक फोटो."
"बघते" म्हटलं. फोन आदळूनच ठेवला. रागानं.
कपाटातून कादंबरीची वही काढली. तीन वर्षं लिहिते आहे, कुणाला माहीत नाही. सागरमहाल नावाच्या बागेत काचेचा हौद, हौदात सात जलपऱ्या. समुद्रातून धरून आणलेल्या. रोज चार खेळ. शिट्टी वाजली की रिंगणातून उडी. सातव्या प्रकरणाशी अडले आहे. मालकाचं काय करायचं ते ठरत नाही. फार दिवस सुखात ठेवला त्याला.

८ जानेवारी
लेखासाठी बसले, आणि पहिली ओळ चांगलीच सुचली, हे वाईट. पाण्यावर उताणं पडायला सरांनीच शिकवलं. "पाण्याला पाठ द्या गं, ते टाकत न्हाई." तळहात पाठीखाली धरायचे आणि कधी काढून घ्यायचे ते कळायचंही नाही. वर आभाळ, कान पाण्याखाली, सगळं जग गप्प. इतकं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही.
आणि मग ते प्रदर्शन. सरांच्या डोक्यात जलपऱ्यांचा देखावा आला. काचेची टाकी, आम्ही क्लबातल्या मुली, चंदेरी टिकल्यांच्या शेपट्या, पाय आत एकत्र. तिकीट काढून अख्खं कोल्हापूर बघायला. "हसा गं! पाण्यात रडलेलं कुणाला दिसतंय?"
माझ्या मैत्रिणीचा, उषाचा, कान तिसऱ्या दिवशी ठणकायला लागला. सरांनी तेलाचा बोळा कोंबला. "नाटकं करती." पाचव्या दिवशी पाण्यात लाल धागा तरंगताना मी पाहिला. उजवा कान कायमचा गेला. ती तेरा वर्षांची होती. पुढं "भैरी" म्हणून तीन स्थळं मोडली.
लेख फाडला.

११ जानेवारी
झालं. सातवं प्रकरण एका बैठकीत. चहा दोनदा गार झाला.
जलपऱ्या वर्षभर आपली गळलेली खवलं हौदाच्या तळाशी साठवतात. मालक काच पुसून घ्यायला पाणी उतरवतो, स्वतः आत उतरतो. सातजणी त्याला धरतात. खवलांची शेपटी त्याच्या पायांवर चढवतात आणि माशांच्या काट्यांनी शिवून टाकतात. मरू देत नाहीत. तोंडाला तोंड लावून श्वास देतात, पुरेल एवढाच. दुसऱ्या दिवशी खेळाला गर्दी. मालक काचेवर मुठी आपटतो, लोकांना वाटतं नवीन आयटम. टाळ्या. मोठी जलपरी शिट्टी फुंकते. "हास. पाण्यात रडलेलं कुणाला दिसतंय?"
वाचून मोठ्यानं हसले. कॉन्व्हेंटातल्या मदर असत्या तर चॅपेलमध्ये गुडघ्यांवर बसवलं असतं. बसले असते. हसत.

१३ जानेवारी
दिवसभर एकच विचार. हेच दिलं तर? नाव कुणाचंच नाही. पण ते वाक्य क्लबातल्या प्रत्येक मुलीनं ऐकलंय. सगळ्या ओळखतील. सर तर ओळखतीलच.
सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. तीन पानं.

१४ जानेवारी, संक्रांत
आनंदराव लेख न्यायला स्वतः आले. "तिळगूळ घ्या, ग्वाड बोला." मी हातात पाकीट ठेवलं.
"वाचून घ्या एकदा," मी म्हटलं. खरंच म्हटलं.
"वाचायचं काय त्यात? सरांबद्दल वाईट लिवणार हाय व्हय कोण?" पाकीट न उघडता पिशवीत. फोटो मात्र उलटसुलट करून बघितला. "जरा हसरा न्हाई का?"

१९ जानेवारी
उषाकडे हळदीकुंकवाला. कसबा बावड्यात, कारखान्याच्या अंगाला. मळीचा वास, दारातून उसाच्या ट्रॉल्या. चौथ्या स्थळानं तिला केलं आणि तो भला निघाला. सुना, नातवंडं, तिचं बरं चाललंय. मी डाव्या बाजूला बसले, नेहमीसारखी.
बायका गेल्यावर तिला त्या तीन पानांची प्रत दिली. तुझ्यासाठी केलंय म्हणून. तिनं चष्मा लावला, अंगणात बसून ओठ हलवत वाचलं. दोनदा हसली. तिसऱ्या पानावर थांबली.
"ह्या मासळ्या शिवायला कुठं शिकल्या गं?"
"कादंबरी आहे ती."
"व्हय की. पर शेपटी शिवणारं कुणीतरी लागतंयच. माझी कुणी शिवल्याली?"
मी हळदीकुंकवाचं तबक उगाच सरकवलं.
"बाकी समदी हाईत ह्यात. मालक हाय, लोकं हाईत, शिट्टी बी हाय. तू कुठं हायस?"
मग वाणाचा डबा माझ्या हातात दिला आणि आत भांडी घासायला गेली.

२० जानेवारी
लिहून टाकते. इथं तरी.
सर म्हणाले होते, चेन लावली तर पाण्यात उघडती, अंगावरच शिव. कॉन्व्हेंटात शिवणाचं पहिलं बक्षीस माझं. उलट टीप अशी घालायची की दातांनी सुटू नये, असं सिस्टर म्हणायच्या. सगळ्या मुलींच्या शेपट्या मी शिवायची, पहिल्या खेळाआधी. शेवटचा खेळ संपल्यावरच उसवायची. मधे मुलींना खुर्चीवर बसवून उचलून न्यावं लागे. मी एकटीच पायांवर चालत होते, आणि मला त्याचा तोरा होता.
पाचव्या दिवशी उषा म्हणाली, "नको शिवूस गं, कान फुटतोय." मी म्हटलं, सरांना विचार. आणि शिवत राहिले. टाके सरळ आले होते, हे अजून आठवतं.
चौदा वर्षांची होते, असं म्हणता येईल. तीन वर्षं कादंबरी लिहिताना मी साठीच्या पुढची होते.

२२ जानेवारी
आठवी जलपरी नाही घातली. एक बाई घातली. हौदाच्या काठावर बसून शेपट्यांची फाटकी टोकं शिवणारी, पगारी, कोरड्या कपड्यातली. सातजणींनी शिवण तिचं बघून उचललं. एकच पान झालं. रडत नाही ती त्यात. तेवढी सवलत दिली नाही.
आनंदरावांना फोन. "एक पान वाढवायचंय."
"ताई, अंक छपाईला लागला बी. आन् तुमचा लेख मधल्या पानावर घेतलाय, कमळाच्या चौकटीत."

१ फेब्रुवारी
सत्कार. हॉल गच्च. व्यासपीठावर सर, फेटा कानांवर आलेला, मान थोडी हलते. अंक सगळ्यांच्या हातात. माझ्या प्रकरणावर समितीनं आपलं शीर्षक टाकलंय: 'गुरुवर्यांस विनम्र वंदन'.
कुणी उघडला नाही. लोकांनी वारा घातला, पेढ्याखाली धरला. क्लबातली एक मैत्रीण म्हणाली, "तुझा लेख किती हृद्य!" विचारलं, काय आवडलं? "सगळंच गं."
एवढं विष, आणि लोक त्यानं वारा घेताहेत. संतापानं डोळे भरून आले. उषा आली नव्हती.
निघताना सरांच्या पाया पडायची रांग होती. मी रांगेत उभी राहिले नाही.

४ फेब्रुवारी
दुपारी अनोळखी नंबर. सर.
"तुझा लेख नातीनं वाचला मला. माझं डोळं गेल्यात आता. निम्मा वाचला, मालक हौदात उतरला तिथंपत्तर, आन् थांबली. म्हणती, आजोबा, पुढचं नीट छापल्यालं न्हाई."
पलीकडे श्वासाची घरघर.
"छापल्यालं असणार. मला ठावं हाय. तूच ये आन् वाच."
"सर, ऐकवेल तुम्हाला?"
"ये तर खरं."
आवाजात राग नव्हता, भीती होती का ते कळलं नाही. भीती असावी, असं मला वाटतंय. किती वाटतंय, हे इथं लिहीत नाही.

५ फेब्रुवारी
उषाला सांगितलं. ती म्हणेल जाऊ नकोस, असं वाटलं होतं.
"मी बी येतो की."
"कशाला?"
"तो ऐकताना कसा दिसतोय ते बघायला. पन्नास वर्षं झाली, मला बी बघायचंय." मग म्हणाली, "आन् तू धाडल्यालं ते बाईचं पान वाचलो मी. ते आधी वाचायचं. त्याच्यासमोर. मग मालकाचं."
"आधी का?"
"नंतर वाचलंस तर त्याला सुटल्यागत वाटंल. आन् तुला बी."
उद्या अकराला जायचंय. पिशवीत अंक आहे, आणि हातानं लिहिलेलं ते पान वेगळं. उषाला "बरं" म्हटलंय. पण मला आधी मालकाचं वाचून त्याचा चेहरा बघायचा आहे, आणि माझं पान वाचून झाल्यावर उषा मला पुढचं वाचू देईल की नाही, कुणास ठाऊक.