घडी न होणारा पियानो

प्रिय भिंगरी,

रविवारी मी फोन मध्येच ठेवला म्हणून फुगून बसली असशील. दूध उतू जात नव्हतं. तू पुन्हा 'आई, ठरलं का?' विचारलंस, म्हणून दुधावर ढकललं. हे घर विकून कायमचं तुझ्याकडे राहायला यायचं की नाही, एवढा सरळ प्रश्न तुझा, आणि मी तुला प्रत्येक वेळी पियानोच्या दुकानातल्या गमती सांगत बसते. आईचं डोकं फिरलंय असं तू जावईबापूंना म्हणाली असशील. फिरलंय, पण थोडंच.

माझा पाय घरात ठरत नाही गं, भिंगरी आता माझ्याच पायाला लागलीय. बाबा गेल्यापासून या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच विसरते. धुतलेली भांडी पुन्हा धुते. आणि ही बोटं! जन्म कचेरीत टाईप करण्यात गेला, मी निवृत्त झाले, पण बोटांना ते कुणी कळवलेलंच नाही. कुणी बोललं की ती टेबलावर ते टाईप करायला लागतात. बाबा सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी मांडीवर अख्खे अग्रलेख टाईप करायचे. ते मध्येच थांबून विचारायचे, चुका किती झाल्या? आता घरात बोलतं कोण? तुझ्या फोनवरची वाक्यं मिळतात तेवढीच. त्यातलं 'ठरलं का' तर मला झोपेतही बिनचूक येईल.

म्हणून पियानो. बोटांना काहीतरी काम द्यावं, एवढाच विचार होता. दुकानदार आता मला ओळखतो, म्हणजे मी दारात दिसले की त्याचा चेहरा पडतो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, वाजवून बघा. मला कुठला स्वर कुठे असतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं. पण नुसतं बसून कसं राहायचं, म्हणून कचेरीतलं ठरलेलं वाक्य टाईप केलं, 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की'. भयंकर आवाज झाला. उजव्या टोकाला पोचले, ओळ संपली, आणि माझा डावा हात सवयीने वर गेला, नव्या ओळीसाठी टाईपरायटरचा दांडा सरकवायला. दुकानदार शेजारी वाकून बघत होता. त्याचा चष्मा थेट तबल्यांच्या, छे, कुठल्याशा ढोलांच्या मागे जाऊन पडला. फुटला नाही, पण तेव्हापासून तो माझ्या उजव्या बाजूला उभा राहतो.

तू सुचवलंस तो घडी घालून पिशवीत मावणारा कीबोर्ड मी बघितला. तुझं सगळं म्हणणं बरोबर होतं. तुझ्याकडे येताना सोबत आणता येईल, हेडफोन लावला की तुझ्या छोटीची झोप मोडणार नाही, शिकाऊ माणसाला तेवढं पुरे. दुकानदारानेही तेच सांगितलं. खोकं बांधून झालं होतं बघ! तेवढ्यात मी त्याला म्हटलं, थांबा, एकदा हेडफोन लावून वाजवते. कानात छान वाजत होतं. मग हेडफोन काढला आणि तशीच वाजवत राहिले. नुसती टकटक. खोलीत माझा दुसरा काही आवाजच नाही. खोकं तिथेच टाकून घरी आले, संध्याकाळभर येरझारा घातल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात हजर.

कोपऱ्यात एक जुना उभा पियानो होता. झाकणावर कुणाच्या तरी गरम कपाचा डाग. दुकानदार मला परावृत्त करायला म्हणाला, हा एकदा जिना चढला की पुन्हा उतरायचं नाव घेणार नाही. मला नेमकं तेच आवडलं. मग त्याने दोन्ही हातांचा एक सोपा तुकडा दाखवला. टाईप करताना दोन्ही हात मिळून एकच वाक्य लिहितात. इथे डावा आपलंच म्हणणं धरून बसतो, आणि उजवा त्याच्याकडे लक्ष न देता बडबडत सुटतो. तुझे बाबा आणि मी, अगदी तस्से. मला रडूच फुटलं. बिचारा दुकानदार पाणी आणायला धावला.

तर तो पियानो काल घरी आला. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्याच्याबरोबरचं स्टूल बुटकं आहे. कोपर पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं, म्हणून घरातल्या सगळ्या खुर्च्या लावून बघितल्या. बरोबर बसली ती एकच, गुडघ्यांसाठी बाबांनी सुताराकडून पायांखाली ठोकळे मारून घेतले होते ती. तू तिच्यावर त्यांची शाल घडी करून ठेवलीस आणि इथे कुणी बसायचं नाही असं सगळ्यांना बजावलंस. मीही बसले नव्हते. काल शाल उचलून कपाटात ठेवली आणि बसले. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि तुझं रडणं ऐकून मी 'येते' म्हणून गेले असते. म्हणून हे पत्र. ठरलं, भिंगरी. मी येत नाही. माझ्यासाठी रिकामी ठेवलेली खोली छोटीला दे. तुमच्यावर राग नाही, माया तर मुळीच कमी नाही, पण मला माझ्याच घरात आवाज करत राहायचंय. रागावलीस तरी सुट्टीत ये. त्या खुर्चीवर तूही बसून बघ, मी शेजारी उभी राहीन. आणि मी वाजवत असेन तेव्हा माझ्या डाव्या बाजूला उभी राहू नकोस, तुझाही चष्मा जाईल.

तुझीच, या वयात तुझं नाव पळवणारी,
आई