तळहाताची पद्धत

अप्पा,

तुमच्या माथी मी एक चूक मारली आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तुम्ही उलटून काही बोलणार नाही हे ठाऊक होतं, बहुतेक म्हणूनच ती मारता आली. आज रविवार. दुपारचे तीन वाजलेत, समुद्रावरचा वारा अजून आत शिरलेला नाही, आणि नवरा पंख्याखाली आडवा झालाय. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. हे मराठी वाचून तुम्ही मिशीत हसाल. हे आपल्या घरातलं तंजावरी नव्हे. हे सांगलीहून नोकरीसाठी इथे आलेल्या नवऱ्याकडून आणि त्याच्या पुस्तकांतून उचललेलं आहे. आपलं मराठी मला बोलता येतं, लिहिता येत नाही. लिहायला गेले की तुमचा आवाज कानात येतो आणि हात थांबतो. एका परीने बरंच आहे, कारण जे सांगायचं आहे ते तुमच्या आवाजात मला सांगता आलं नसतं.

मी काम करते ते वर्कशॉप इरुंगाट्टुकोट्टैच्या अलीकडे हमरस्त्यावर आहे. तिथे फक्त परदेशी गाड्या येतात. काचेच्या भिंती, पांढरी फरशी, आणि एसी एवढा की भर मे महिन्यात मी गळ्याला ओढणी गुंडाळून गाडीखाली शिरते. तुमच्या तांबरमच्या शेडमध्ये फरशीच नव्हती, जमीन तेल पिऊन पिऊन काळी आणि मऊ झाली होती. त्यावर अनवाणी चाललं की पाय गार पडायचे. ते मला अजून स्वप्नात होतं, म्हणजे पाय गार पडतात आणि जाग येते. असो. मैलापूरच्या एका डॉक्टरांची पिवळी इटालियन गाडी आमच्याकडे सर्व्हिसिंगला येते. बुटकी, रुंद, इंजिन सीटच्या मागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे. मैलापूरच्या गल्ल्यांतून ती चालवणं म्हणजे हौसच. प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासतं. रविवारी पहाटे डॉक्टर ती समुद्राकाठच्या रस्त्यावर दामटून आणतात आणि उरलेला आठवडा ती चादरीखाली झोपते. गळती पहिल्यांदा दिसली ती डॉक्टरांच्या आईला. सकाळी त्या दारात कोलमची रांगोळी काढायला वाकल्या की पिठाच्या रेघेला तेलाचा डाग लागलेला असायचा. असं तीन सोमवार झालं. मग त्यांनी मुलाला बजावलं, तुझी गाडी लाळ गाळते, तिला दुसरीकडे ठेव.

गाडी ट्रकवर चढून आमच्याकडे आली. आमच्याकडे सगळ्यांनी ती नुसती बघूनच ठरवलं की ॲक्सलचं सील गेलं. त्या जातीच्या गाड्यांचं ते जातं, आणि सीलच्या खालची सगळी बाजू तेलाने ओली होती. सील बदलायचं म्हणजे अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा, सील इटलीहून मागवायचं, दीड-दोन महिने गाडी उघडी पडून राहणार. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, करा. सगळं ठरलंच होतं. मीच म्हटलं की एक दिवस द्या, आधी मला बघू दे.

अप्पा, त्या दिवशीचं मला सगळं आठवतं, पण पाण्याखालून बघावं तसं आठवतं. मी गाडी वर उचलते. खालचं पत्र्याचं आवरण काढते. एका थेंबाखाली पांढरा कागद धरते आणि तो पसरताना बघत बसते. एसीचं पाणी नाही, इंजिनचं काळं तेल नाही. मधासारखा रंग, नाकाशी धरल्यावर तो किंचित जळका, गोडसर वास. गिअरबॉक्सचंच. मग मी गिअरबॉक्सची सगळी केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, धुऊन, पुसून, हवा मारून कोरडी करते आणि पर्समधून टाल्कम पावडरचा डबा काढून त्यावर पावडर उडवते. आमच्याकडे याच कामाचा विकतचा स्प्रे आहे, मी तो वापरत नाही, आणि त्यावरून माझी टिंगल होते. पावडरचा तो वास त्या थंड हॉलमध्ये पसरतो आणि मी नऊ वर्षांची होते. घरात पावडरचा नवा डबा आला की तो आधी तुमच्या शेडवर जायचा. अम्मा स्वयंपाकघरातून ओरडायची की या घरात माणसांपेक्षा गिअरबॉक्स नटतात. तुम्ही कॉफी संपवायचा आणि डबा खिशात घालून निघायचा.

त्याच शेडमध्ये तुमची एकदा खाल्लेली बोलणी मी विसरलेले नाही. कुणा सिनेमावाल्याची जुनी ऑटोमॅटिक गाडी होती. तसल्या गाड्या दुरून दुरून तुमच्याकडेच यायच्या. मी शहाणपणा करून सगळ्यात ओल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथून गळतं. तुम्ही माझा हात बाजूला केला.

"तेल खाली येतं. चूक वर असती. वर बघ की."

एवढंच. गळतीपेक्षा घाईचा तुम्हाला जास्त राग यायचा.

तर पावडर मारून मी गाडी श्रीपेरुंबुदूरच्या दिशेने चांगली तासभर पळवून आणली आणि परत वर उचलली. सील कोरडं होतं, निदान सुरुवात तिथून नव्हती. पावडरीत एक बारीक ओली वाट वरून उतरत होती. मी ती बोटाने न पुसता नुसती डोळ्यांनी चढत गेले. केसिंगच्या कडेने वर, एका बोल्टला वळसा घालून आणखी वर, थेट गिअरबॉक्स जिथून श्वास घेतो त्या नळीपर्यंत. तेल नळीतून बाहेर पडत होतं. म्हणजे आत ते जास्त झालं होतं. तापलं की फुगत होतं, जागा पुरत नव्हती, म्हणून वर येत होतं. मग मी आतलं तापमान दाखवणारा कॉम्प्युटर जोडला, तेल पुस्तकात सांगितलेल्या तापमानाला आणलं, इंजिन चालू ठेवून पातळी बघायचं बूच उघडलं, आणि भांडं धरलं. कॉफीचा एक टंबलर भरेल एवढं तेल जास्तीचं निघालं.

मला फार आनंद झाला. सील शाबूत, गिअरबॉक्स उतरवायला नको, डॉक्टरांच्या आईचा कोलम वाचला. मग विचार आला की ते तेल भरलं कुणी. जॉब कार्ड काढून बघायचीही गरज नव्हती. आठ महिन्यांपूर्वी ते मीच बदललं होतं.

तो दिवस मी मनात पुन्हा उलगडला. कॉम्प्युटर दुसऱ्या गाडीला जोडलेला होता, आणि डॉक्टर घ्यायला येऊन बाहेर बसले होते. मी तेल भरलं, इंजिन पाच मिनिटं चालवलं आणि केसिंगवर हात ठेवला, तुम्ही ठेवायचात तसा. बोटं नाही, पूर्ण तळवा, डोळे मिटून. केसिंग चांगली ऊन लागली. मी पातळी बघून बूच बंद केलं. पण त्या गाडीत धूर सोडणारा एक्झॉस्ट पाइप गिअरबॉक्सला चिकटून जातो. माझ्या हाताला लागली ती एक्झॉस्टची ऊब. रात्रभर एसीत उभ्या असलेल्या गाडीच्या पोटातलं तेल अजून गारच होतं, आणि गार तेलाची पातळी खाली दिसते, म्हणून मी वर आणखी भरलं होतं. इतके महिने ते थोडं थोडं बाहेर येऊन खालच्या पत्र्यात साचत राहिलं, आणि आता कुठे जमिनीवर पडू लागलं.

हे कुणालाच कळलं नसतं, अप्पा. सगळे सीललाच धरून बसले होते. मला फक्त गप्प बसायचं होतं. हे काही रात्री पडल्या पडल्या सुचलेलं नाही, तिथेच, गाडीखाली उभ्या उभ्या मी दहा मिनिटं तो विचार केला, आणि तो अजिबात वाईट वाटला नाही. मग मी वर मॅनेजरच्या खोलीत गेले आणि सांगितलं. ते चांगले आहेत. रागावले नाहीत. खरं सांगितलंस म्हणाले, डॉक्टरांना फोन मीच करतो म्हणाले. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. तापमान बघितल्याशिवाय बूच बंद करायचं नाही हे तू इतरांना शिकवतेस, मग तूच असं का केलंस?

आणि मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी असंच शिकवलं. तांबरमला त्यांची शेड होती. ते हात ठेवूनच सांगायचे."

ते हसले. वाईट हसले नाहीत, जुन्या माणसांचं ऐकून हसतात तसे हसले. मीही हसले. माझी चूक तेवढ्या वेळात एका गोड गोष्टीत बदलली आणि तिचं ओझं उतरलं. त्यांनी रिपोर्टमध्ये कारण म्हणून लिहिलं: जुन्या, कालबाह्य पद्धतीचा वापर. मी सही केली. पुढच्या महिन्यात नव्या लोकांच्या प्रशिक्षणात एक स्लाइड आली. तिच्यावर एका हाताचं चित्र, त्यावर लाल फुली, आणि खाली 'तळहाताची पद्धत'. ती समजावून सांगायचं काम माझ्याकडेच आहे. मी सांगते की माझे वडील असं करायचे. सगळे हसतात आणि ती गोष्ट लक्षात ठेवतात.

मागच्या आठवड्यात ती स्लाइड दाखवताना एका मुलीने हात वर केला. नुकतीच पुण्याहून आलेली इंजिनिअर आहे, प्रत्येक गोष्ट विचारते. म्हणाली, मॅडम, पण मग तुमच्या वडिलांच्या गाड्या गळायच्या नाहीत का? मी मनातल्या मनात तुमच्या गाड्या मोजल्या. नाही गळायच्या. एकही गाडी त्या कारणाने परत आल्याचं मला आठवत नाही. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण संध्याकाळी लोकल ट्रेनने तांबरमवरून येताना खिडकीशी उभी होते, आणि फाटकाजवळचं ते वळण मागे गेलं, आणि मला आपली फेरी दिसली.

तेल भरून झालं की तुम्ही मला हाक मारायचा. "शरि, बस की." मी हातातलं टाकून पुढच्या सीटवर चढायची. आपण रेल्वे फाटकापर्यंत जायचो, तिथून विमानतळाच्या भिंतीकडेने लांबचा वळसा घ्यायचो. तुम्ही एक अक्षर बोलायचा नाहीत. खिडकीतून गरम वारा, चिंचेच्या झाडांची सावली तोंडावरून सरकत जायची, आणि मी अर्धवट झोपेत. परतताना फाटकाशी तुम्ही मला गुलाबपाण्याचा पन्नीर सोडा घेऊन द्यायचा. मी तो उभ्याने पिते आहे, गुलाबाची चव नाकात चढते आहे, आणि तुम्ही गाडीतच बसून आहात, इंजिन चालू ठेवून. घाई कर असं कधी म्हणाला नाहीत. शेडवर आलो की मग तुम्ही खाली वाकायचा, हात ठेवायचा आणि मलाही ठेवायला लावायचा. "ऊन अहे का, सांग." मी अहे म्हटलं की मग पातळी बघायची.

तासभराच्या फेरीनंतर आतलं तेल आणि बाहेरची केसिंग एकसारखी तापलेली असायची. हात फक्त खात्री करायला होता. पद्धत म्हणजे ती फेरी होती, आणि मी शिकले फक्त हात. घाई माझी होती, अप्पा. बाहेर डॉक्टर बसले होते म्हणून पाच मिनिटांत हात ठेवला, आणि विचारल्यावर तुमचं नाव पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना मेल लिहिली. स्लाइड चुकीची आहे, माझ्या वडिलांची पद्धत पूर्ण सांगितली गेली नाही, ते आधी तेल तापवण्यासाठी गाडी लांब फिरवून आणत. एवढीच तीन ओळींची मेल. शेवटचं वाक्य लिहिलं आणि थांबले, आणि आज पाच दिवस ती तशीच पडून आहे.

कारण आयुष्यभर मी समजत आले की ती फेरी माझ्यासाठी होती. भाऊ शाळेत हुशार, त्याला सगळे न्यायचे. मला कुणी कुठे न्यायचं नाही, आणि अप्पा मात्र मला गाडीतून फिरवून आणतात, असं मी अम्माला, मैत्रिणींना, लग्नानंतर नवऱ्यालाही सांगितलं आहे. कधीतरी फारच एकटं वाटलं तर मी मनाने त्या सीटवर जाऊन बसते. आता माझ्याच हाताने मला लिहायचं आहे की ते तेल तापवण्यासाठी होतं. तुम्ही नाहीत, नाहीतर विचारलं असतं. खरं तर तुम्ही होतात तेव्हाही, एकदा तरी, मला नेलं नसतंत तरी चाललं असतं का हे विचारता आलं असतं. तेल तर माझ्याशिवायही तापलं असतं.

तुमच्यावरची लाल फुली अजून तिथेच आहे. उद्या सोमवार, उद्या पुन्हा तीच स्लाइड दाखवायची आहे. मेल पाठवायला एक बटण दाबायचं आहे, आणि मी ते दाबलेलं नाही.