तुझ्या तीन तबकड्या परत घेऊन जा

बारक्या,

पाहुणा काहीतरी घेऊन येतो आणि काहीतरी घेऊन जातो, ते मला मान्य आहे. पण तू चार दिवस राहिलास, माझ्या हातचं खाल्लंस, जाताना तीन प्लॅस्टिकच्या तबकड्या ठेवून गेलास आणि माझ्या सगळ्या संध्याकाळी घेऊन गेलास. सात आठवडे सहा वाजता माझी पाठ खुर्चीला टेकली नाही. डाव्या नडगीवर तीन निळे डाग आहेत, उजवीवर एक हिरवा (तो जुना, बरा होत आलाय), आणि कपाळावर टेंगूळ आहे. शिवणाच्या दुकानात येणाऱ्या बायका ते बघून एकमेकींकडे बघतात. त्यांना वाटतं नवऱ्याने मारलं. तसं बघितलं तर ह्यांनीच मारलं, पण पन्नास पावलांवरून आणि टोपली समजून.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात हे मला माहीत आहे, चौथीपर्यंत तेवढंच तर शिकवलं. तर घे, अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरीच असणार, शाळेत पोरांना कवायत शिकवणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय. भावजयीची कंबर कशी आहे ते मात्र खरं कळव. 'ठीक आहे' असं लिहू नकोस, तिला विचारून लिही. तिच्या कोटाची बाही मी उसवून ठेवलीय, जोडायला वेळ नाही. का नाही, ते पुढे वाच.

तुझ्या भावजींच्या डोळ्यांचं तुला मी अर्धंच सांगितलं होतं. आता पुरतं ऐक. डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली, मधलं गेलंय, कडेकडेचं राहिलंय, चष्म्याने ते भरून येणार नाही. म्हणजे ह्यांनी समोर बघितलं की मी दिसत नाही, माझ्या शेजारची बादली दिसते. एकतीस वर्षं बस चालवली, कुणाची कोंबडीसुद्धा चिरडली नाही, आणि एका दुपारी डेपोने किल्ली मागून घेतली. तेव्हापासून तू येईपर्यंत सात महिने हे खिडकीत. बाहेर बघायला नाही, ऐकायला. कोपऱ्यावरून बस वळली की म्हणायचे, दुसरा गिअर उशिरा टाकतोय. दिवसभरात तेवढंच बोलणं. डोळ्यांचं नाव घरात काढायचं नाही आणि बाहेर तर त्याहून नाही. चहा कपाबाहेर ओतला तर कप लहान, दाराला खांदा आपटला तर सुतार मूर्ख.

अशात तू आलास आणि म्हणालास, भावजी, बागेत नवा खेळ सुरू झालाय, पळायचं नाही, धापा टाकायच्या नाहीत, नुसती तबकडी फेकायची आणि टोपलीत पाडायची. बागेच्या दारावर पाटीही आहे, 'नवशिक्यांसाठी सोपा मार्ग, नऊ टोपल्या, वय सहापासून पुढे कितीही'. ती पाटी लिहिणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. टोपली म्हणजे काय, तर खांबावर बसवलेली लोखंडी जाळी आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्यांचा झुबका. तबकडी साखळ्यांना आपटते आणि खाली जाळीत पडते. ह्याला सगळे होल म्हणतात (मी वाकून बघितलं, भोक कुठंही नाही). त्यात तू लांब जाणाऱ्या तांबड्या तबकडीला ड्रायव्हर म्हणतात असं सांगून बसलास. झालं. ती रात्री ह्यांच्या उशाशी.

तू गेलास त्याच संध्याकाळी हे बूट घालून दारात उभे. मध्ये मोठा रस्ता आहे म्हणून मी बरोबर गेले (रस्त्यासाठी गेले, खेळासाठी नाही, हे ध्यानात ठेव). प्रत्येक टोपलीसाठी फेकायला उभं राहायची एक फरशी असते, हे पहिल्या फरशीवर उभे राहिले, गाडी बाहेर काढताना बघायचे तसं दोन्हीकडे बघितलं आणि फेकली. गेले, उचलली, परत येऊन परत फेकली. अकराव्या वेळी तबकडी धाडकन आत पडली आणि बाकावरच्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी आणायला गेले तर तो कचऱ्याचा डबा. टोपली त्याच्या उजवीकडे वीस पावलांवर. सांगायला मी तोंड उघडलं आणि ह्यांचा चेहरा बघितला. तो चेहरा मी सात महिने बघितला नव्हता. केळ्याच्या सालीखालून तबकडी काढली, पदराला पुसली आणि म्हटलं, बसली. बारक्या, गिऱ्हाइकांशी मी रोज खोटं बोलते, उद्या मिळेल म्हणून. घरच्या माणसाशी बोललेलं हे पहिलंच.

पुढचं ऐक. फेकी मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मापं लिहायची वही आणि पेन्सिल माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात नऊ टोपल्या मिळून एकशे सव्वीस झाल्या. आमच्या गल्लीतला न्हावी तिथं रोज खेळतो, त्याच्या त्या दिवशी एकतीस. मला त्या न्हाव्याचं वाईट वाटलं. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, सवयीने वाढतील. तो मान खाली घालून तबकडी पुसायला लागला, मला वाटलं लाजला. दुसऱ्या आठवड्यात ह्यांच्या एकशे बारा झाल्या तशी मी रस्ताभर ह्यांना बोलले, की उतरती कळा लागली, लक्ष कुठे असतं तुमचं. शेवटी बागेच्या माळ्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बाई, ज्याच्या कमी तो जिंकतो. ह्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग गप्प का बसलात विचारलं, तर म्हणाले, एकशे सव्वीसला तू शाबास म्हणालीस, मी कशाला मोडता घालू. असला उलटा खेळ. दुकानात मी चार टाके जास्त घातले तर लोक पक्कं काम म्हणतात.

आता नडगीकडे येते. तिसरी टोपली तळ्याच्या वळणावर आहे, मध्ये झाडं. तिथं एक दिवस हे फरशीवर उभे राहिले ते राहिलेच. मागे तीन माणसं खोळंबलेली, दुकानात पोस्टमास्तरची पँट अर्धी उसवून पडलेली, माझं डोकं फिरलं. ताडताड चालत टोपलीपाशी गेले आणि त्या साखळ्या धरून गदागदा हलवल्या, की इथं आहे, इथं, फेका एकदाची. रागाने हलवल्या, दुसरं काही मनात नव्हतं. ह्यांनी मान जरा कलती केली, इंजिनात काय वाजतंय ते ऐकताना करायचे तशी. आणि फेकली. दोन झाडांमधून सरळ माझ्या नडगीवर, म्हणजे टोपलीपासून हातभर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (नडगीमुळे), आणि मी तोंड सोडणार तेवढ्यात लांबून हाक आली, अगं, परत वाजव.

तेव्हापासून मी देवळातली घंटा झालेय. रोज नऊ टोपल्या. उजव्या हाताने साखळी वाजवायची, डाव्या हातात मोठ्या पातेल्याचं झाकण धरायचं. बाजूला सरकावं तर आवाज थांबतो, आवाज थांबला की नेम चुकतो, नेम चुकला की तबकडी तळ्यात आणि तळ्यात कोण उतरणार ते विचारू नकोस. बागेत सगळ्यांना वाटतं की ही बाई नवऱ्याच्या मागे घाई लावून उभी असते. मला 'खडखडी' नाव पडलंय. एकजण तर ह्यांना म्हणाला, काका, घरीही अशीच वाजते का. हे हसले आणि म्हणाले, घरी साखळी नाही, तोंडाने. मी ऐकलं आणि गप्प बसले, कारण मला घाईखोर समजतात तोवर ह्यांच्या डोळ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. इकडे पोस्टमास्तरच्या पँटचा एक पाय दोन बोटं आखूड झाला. तो म्हणाला, ताई, ह्या पँटीत मी एका बाजूला झुकल्यासारखा दिसतो. म्हटलं, झुकता तुम्ही, पँट सरळ आहे. गेला. पण असं किती दिवस चालणार?

बरं, ह्या सगळ्याचा उपयोग काय, तर एकशे सव्वीसच्या अडुसष्ट झाल्या. हे जेवताना बोलायला लागले. पाचव्या टोपलीला वारा कसा आडवा येतो, ह्यावर अर्धा तास. मला झोप येते तरी बोलतात.

आणि आता तेही संपलं. बँकेतून निवृत्त झालेला एक कारकून आहे, गळ्यात शिटी घालून फिरतो, त्याला लोकांनी खेळाचा प्रमुख केलंय. त्याने जोड्यांचे सामने ठरवले, येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. न्हाव्याने आपल्या जोडीला ह्यांचं नाव घातलं. ह्यांनी त्या दिवशी बूट पॉलिश केले. गुरुवारी कारकुनाने सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवला, बघे दोरीच्या मागे राहतील, टोपलीपाशी खेळणाऱ्यांशिवाय कुणी उभं राहायचं नाही, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, साखळ्यांना हात लावायचा नाही, बाई, हा खेळ आहे, घरकाम नाही. आता ह्यांनी तिथं म्हणायचं होतं, की मला दिसत नाही हो, ती माझ्यासाठी वाजवते. चार शब्द. जीभ झडली असती तरी म्हणाले नसते. म्हणाले, माझा गुडघा दुखतो, नाव काढा. गुडघ्याला काही झालेलं नाही, गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. घरी आले, तबकड्या कपाटावर ठेवल्या आणि खिडकीत जाऊन बसले. आज चौथा दिवस. सकाळी बस वळली तेव्हा परत तो गिअर उशिरा पडला, ते मला कळलं.

तर मी सुटले. संध्याकाळ माझी, खुर्ची माझी, नडगी माझी. कपाटावर तुझ्या तबकड्यांवर धूळ बसतेय. ये आणि घेऊन जा, आणि परत कधी आमच्या घरी खेळ म्हणून काही आणू नकोस, पत्त्यांचा जोडसुद्धा नाही.

तुझी (अजून तरी) मोठी बहीण

ता. क. सामने होईपर्यंत तबकड्या न्यायला येऊ नकोस. कारण आहे.

ता. क. दुसरा. कारण असं. कागद वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्या कारकुनाच्या घरी गेले आणि म्हटलं, तो नियमांचा कागद दाखवा. मला वाचायला वेळ लागतो, तो घड्याळ बघत होता, बघू दे. बोट ठेवून ठेवून वाचलं. सातव्या नियमात लिहिलंय, जोडीतला एक फेकत असताना दुसरा पुढे टोपलीपाशी उभा राहून दिशा दाखवू शकतो. मी विचारलं, हाताने दाखवायची का साखळीने, ते कुठं लिहिलंय? त्याने कागद उलटा करून बघितला, तिथं काही नव्हतं. मग म्हटलं, ह्यांचं नाव परत घाला आणि न्हाव्याच्या जागी माझं लिहा. तो म्हणाला, तुम्ही खेळता? म्हटलं, लहानपणापासून. न्हाव्याने एका शब्दात जागा सोडली. मला वाटतं त्याला सगळं कधीच कळलंय. न्हावी असून तोंड बंद ठेवणारा मी पहिलाच बघितला.

ता. क. तिसरा, आणि हाच नीट वाच. जोडीत आळीपाळीने फेकायचं असतं. एक ह्यांनी, एक मी. मी आयुष्यात रागाशिवाय काही फेकलेलं नाही. रोज पहाटे दूध आणायला जाते सांगून, कपाटावरची एक तबकडी पिशवीत घालून बागेत जाते आणि फेकते (त्यामुळे दूधही आणावं लागतं, घरात ठेवायला जागा नाही). माझी तबकडी चार हात सरळ जाते आणि मग डावीकडे वळते ती थेट माळ्याच्या खोलीवर. चार वेळा. माळी आता मी दिसले की दार आतून लावून घेतो. तर तू मला एवढंच लिहून कळव, अंगठा वर ठेवायचा का कडेला, पाय कुठला पुढे, आणि मनगट कधी सोडायचं. शाळेतल्या सगळ्यात मठ्ठ पोराला सांगतोस तसं सांग, चित्र काढलंस तर बरं. फोन करू नकोस, डोळे अधू झाल्यापासून ह्यांना दोन खोल्यांपलीकडचंही ऐकू येतं. पत्र चालेल, पत्रं मीच वाचून दाखवते आणि काय गाळायचं ते माझ्या हातात असतं. तरी पाकिटावर पत्ता दुकानाचा घाल. ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तीन फेकी सरळ गेल्या की सांगेन, नाहीतर म्हणतील माझ्यासाठी हसं करून घेऊ नकोस, आणि खिडकीतून उठायचेच नाहीत.

पुढच्या बुधवारच्या टपालाने उत्तर माझ्या दुकानात पाहिजे. नाही आलं तर गुरुवारच्या पहिल्या बसने मी तुझ्या शाळेत येते, आणि मैदानात, तुझ्या सगळ्या पोरांसमोर, तुला मला शिकवावं लागेल.