मोराचा डोळा

४ फेब्रुवारी १९७४, सोलापूर
कुर्डुवाडीहून वळकटी घेऊन आलो आणि कारखान्याच्या आवारातच खोली मिळाली! आजपासून मी रेवणप्पा शेठांच्या चादर कारखान्यात नक्षी मास्तर. मित्र चिडवत होते, सोलापुरात जाऊन नुसत्या चादरी पांघरशील. हसू देत. इथं मागावर नक्षी उमटते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या माळेवरून. शेठांनी पहिलंच काम सांगितलं: चादरीवरच्या मोराच्या डोळ्यात एक लाल टाका पडतो, ती चूक काढून टाका.

१५ फेब्रुवारी
चूक काढली. नव्या माळा मागांवर चढवायला जॉबरकडे दिल्या. पण कुठल्या मागावर नवी चढली आणि कुठं जुनीच आहे, हे कसं कळणार? एकेक उतरवून बघत बसलो तर दिवाळी उजाडेल. मग अक्कल लढवली. नव्या माळेत एक जादा पत्ता घातला, तो काठात पांढरी रेघ विणतो. वीतभर विणून बघायचं. रेघ नाही तर माळ जुनी, एक रेघ असली तर नवी; पुढं दुरुस्ती झाली की आणखी एक रेघ. शेठ खूश. म्हणाले, नोकरी पक्की.
सुताच्या कांड्या भरणाऱ्या अक्कम्मा मात्र माझ्याकडे बघून थुंकल्या. बाईच तिरसट, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी
कोपऱ्यातल्या मागावर दोन रेघा. दुसरी दुरुस्ती मी केलेलीच नाही! विणकरावर खेकसलो. माळ उतरवून पत्ता न् पत्ता तपासला. सगळे माझेच. परत चढवली, परत दोन रेघा. आणि मोराच्या जागी माणसाचं तोंड. शेठांचं. एक डोळा कोरा.

१९ फेब्रुवारी
अक्कम्मांना विचारलं. त्यांचे यजमान ईश्वरप्पा माझ्या आधीचे मास्तर. मोर त्यांचा. मागावर आडवा दोरा नेणारा धोटा उडून त्यांचा डोळा फुटला, शेठांनी दवाखान्यातही नेलं नाही. मग त्यांनी मोराच्या डोळ्यात लाल टाका घातला, सगळ्या गावानं बघावा म्हणून. शेठांनी हाकललं. जखम चिघळून ते गेले.
"चूक नव्हती मास्तर, डोळा हुता त्यांचा. तुमी काढलात की."
टाका परत घातला तर नोकरी जाईल. नाही घालणार. मेलेल्या माणसाला काय कळतंय?

२१ फेब्रुवारी
शेठ मागापाशी आले आणि धोटा उडाला. डोळा गेला — चादरीवर कोरा होता तोच. अक्कम्मांनी मानही वर केली नाही. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. पापाचा घडा भरला होता.

२२ फेब्रुवारी
तीन रेघा. तोंड माझं. दोन्ही डोळे कोरे.
शेठांनी नुसतं सांगितलं. काढला मी.

२३ फेब्रुवारी
लाल टाका परत घातला. माळा सगळ्या मागांवर चढवल्या. टाका उमटत नाही — सगळीकडे तीन रेघा, सगळीकडे मी —
अक्कम्मांचे पाय धरले. म्हणाल्या, आता पत्ते त्येंच्या हातात हायत.

२४ फेब्रुवारी, रविवार सकाळ
कारखाना बंद. माग बंद. दाराला कडी. तरी खोलीत धोट्याची खटखट —
उजवा गेला. डाव्यानं दिसतंय तोवर —
घालतो, ईश्वरप्पा, टाका घाल —