सहाशे अंडी आणि माझा प्रोग्रॅम

ती. ताईच्या चरणी धाकट्याचा नमस्कार. (डोकं आधीच पायांवर ठेवतोय, म्हणजे पत्र वाचून झाल्यावर तू ते फोडणार नाहीस.) तुझी कंबर आता कशी आहे? भाचीच्या निकालाला येतो म्हणून आलो नाही, त्यामुळे ती मामाचं नाव काढू देत नाही असं कळलं. बरोबरच आहे तिचं. पण मला इथून पाऊण तासापेक्षा जास्त हलता येत नाही, आणि त्याचंच हे पत्र. फोन केला नाही, कारण फोनवर तू आधी हसतेस आणि मग ऐकतेस, आणि सध्या मला हसणं सोसणार नाही.

उबवणी केंद्रात मी वायरमन, तेवढ्यात माझं बरं चाललं होतं. पण एकदा मालकीणबाईंसमोर बोलून गेलो, की माझी बहीण लिफ्टसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते आणि थोडंफार मलाही येतं. (थोडंफार म्हणजे तू सुट्टीत शिकवलंस ते चार दिवस, त्यातला एक मी सर्दीने झोपून काढला.) बाईंनी लगेच पाच उबवणी यंत्रांपैकी एकाचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात घातला, बाकीची चार रिकामी ठेवली आणि इतकी वर्षं हाताने उष्णता सांभाळणाऱ्या इथल्या काकांना महिनाभर सुट्टीवर धाडलं. यंत्रात सहाशे अंडी. साडेसदतीस अंश एकवीस दिवस टिकले तर पिल्लं, नाहीतर सहाशे नासकी अंडी आणि एक बेकार वायरमन.

पहिल्या दिवशी चाचणीपुरतं तापमान छत्तीस ठेवलं होतं, ते साडेसदतीस करणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, लिहिलं. स्क्रीनवर साडेसदतीस उमटलं. मी बाईंना बोलावून दाखवलं, त्या खूश झाल्या. थर्मामीटर मात्र छत्तीसला चिकटलेला. दुसरा आणला, तोही छत्तीस. (दोन्ही फितूर झालेत असं मला घटकाभर खरंच वाटलं.) मग तुझं सांगणं आठवलं, की फंक्शनच्या हातात आपण देतो ती नक्कल, ते नकलेवर खाडाखोड करतं, मूळ कागद जिथल्या तिथे. माझं फंक्शन बिचारं नकलेवर साडेसदतीस लिहून, स्क्रीनवर दवंडी पिटून मोकळं झालं होतं, हीटरला त्याची खबरच नव्हती.

मूळ आकडा बदलायचा तर त्याचा पत्ता द्यायचा, म्हणजे पॉइंटर, एवढं आठवलं आणि मला हुरूप आला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पॉइंटर तयार केला, त्याच्यामार्फत साडेसदतीस लिहून टाकले, फक्त त्याने कुठे बघायचं हे त्याला सांगायचं राहिलं. ताई, पत्ता न घातलेलं पाकीट पेटीत टाकलं तर ते निदान पडून राहतं. हे पडून राहत नाही. माझे साडेसदतीस मेमरीत कुणाच्या तरी भलत्याच घरात घुसले, बहुधा ट्रे कलते करणाऱ्या मोटरच्या, कारण तासातून एकदा कलणारे ट्रे धडाधड इकडून तिकडे झुलायला लागले. बाई दारात येऊन उभ्या. "अंड्यांना पाळणा लावलास का रे?" मी म्हणालो, नवी पद्धत आहे. आणि प्रोग्रॅम चालवणारा बोर्डच बंद करून टाकला.

चौथ्या दिवशी तर मी कहरच केला. पाच वेळा तापमान घेऊन सरासरी काढायची आणि तिचा पत्ता परत द्यायचा, असं फंक्शन लिहिलं. प्रोग्रॅम तपासणाऱ्या कंपायलरने इशारा दिला होता, पण इशारा म्हणजे काही चूक नव्हे असं मी धरून चाललो. (‘पुढे खड्डा आहे’ या पाटीबद्दलही माझं हेच मत होतं; स्कूटर तुला आठवत असेल.) ती सरासरी फंक्शनच्या स्वतःच्या खोलीत ठेवलेली. काम संपलं की खोली रिकामी, आणि पुढचं फंक्शन तिथे आपला पसारा मांडतं. मी मात्र त्याच दारावर थाप मारून तापमान विचारत होतो. पहिल्यांदा साडेसदतीस मिळाले, दुसऱ्यांदा शून्य. शून्य म्हटल्यावर हीटर पेटला तो थांबेचना. थर्मामीटर एकोणचाळीसच्या वर गेला, तेव्हा मी बोर्डाकडून हीटरला जाणारी वायरच उपटली.

तेव्हापासून आज सोळाव्या दिवसापर्यंत तापमान ढळलेलं नाही. तरी माझी भीती कमी होत नाही, वाढतेच आहे. परवा एक अंडं टॉर्चसमोर धरलं, तर आत काहीतरी काळसर हललं. तोवर ती माझ्या लेखी अंडी होती. आता प्रत्येकात कुणीतरी आहे, माझ्या भरवशावर आहे, आणि मला चार दिवसांचं सी येतं, तेही एक दिवस वजा जाता. सोबत प्रोग्रॅमची अकरा पानं जोडली आहेत. वाच, आणि जिथे चुकलं असेल तिथे लाल पेनाने हवं तेवढं रागाव.

कंबर सांभाळ. कळावे, लोभ आहेच, तो पानं वाचल्यावरही थोडा उरू दे.

तुझा,
धाकटा

ता.क. : लाल पेनाची घाई नको. उपटलेली वायर परत जोडायची माझी हिंमत झालेली नाही. बारा दिवस हीटरची कळ मीच दाबतोय, ट्रेसुद्धा मीच कलते करतोय. यंत्राला खेटून खाट टाकली आहे आणि दर पाऊण तासाचा गजर लावतो. स्क्रीनवर साडेसदतीस दिसतात, ते नुसते छापायला सांगितलेत. सबंध प्रोग्रॅममध्ये ती एकच ओळ बिनचूक आहे.

ता.क. २ : आत्ताच बाई येऊन गेल्या. इतकं स्थिर तापमान काकांनाही कधी राखता आलं नव्हतं म्हणाल्या. "सोमवारपासून बाकीची चारही यंत्रं भरू, त्यांनाही तुझाच प्रोग्रॅम लाव." खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं आणि त्यातून ‘हो’ बाहेर पडलं. ताई, तीन हजार अंडी आणि मी एकटा. ती अकरा पानं बाजूला ठेव. भाऊजींना आणि त्यांच्याशी पत्ते खेळणाऱ्या तिघांना रविवारच्या आत इकडे पाठव. सी यायची गरज नाही, थर्मामीटर वाचता आला म्हणजे पुरे.