चमच्याचा आवाज

रांजणगाव, रविवार

ती. आईस ईश्वरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आप्पांनाही सांग.

मी मजेत हाय. गाय व्याली का? आप्पांचा गुडघा कसा हाय?

आज वरवंडला येणं जमलं न्हाई. कंपनीत सुरक्षा सप्ताहाला नाटक हाय, आन् ते मीच लिहिलंय. माझ्या खोलीवरचा सॅमसन त्यात आई झालाय. लुगडं झकास नेसतो, पण मिशी काढ म्हटलं की रुसतो.

नाटकात पोराला मशीनवर लागतं. हाताला पट्टी बांधून तो घरी फोन करतो आन् "बेस हाय" म्हणतो. पट्टी प्रेक्षकांना दिसते, आईला न्हाई. सॅमसन म्हणाला, "मजा त्यातच हाय. आईला शेवटपर्यंत कळू द्यायचं न्हाई."

मी म्हटलं, "गड्या, अशी आई मी तरी बघितली न्हाई."

मग मी प्रसंग बदलला. आता पोरगा जेवता जेवता बोलतो आन् चमचा ताटाला लागतो. तेवढ्या आवाजावर आई विचारते, "तू कवापासून चमच्यानं जेवायला लागलास?" तालमीत सगळे हसले.

पोराचं काम मीच करतोय. पट्टी खरी हाय.

अक्षर बघून तू वळखलंच असशील. मी सांगतोय, सॅमसन लिहितोय. मिशीचं त्यानं नाइलाजानं लिहिलं. उजव्या तळहाताला टाके पडलेत, पण बोटं सगळी जागेवर हायेत. फोन मुद्दामच केला न्हाई, तू नुसत्या आवाजावर घाबरली असतीस.

चमच्यानं आमटी सांडते गं, बाकी काही न्हाई.

तुझा,
ईश्वर