पावती दाखवली की माल परत

दादा,

लिहायचं कारण तसं फालतूच आहे. परवा ऑफिसात चहाच्या मशीनपाशी आमच्या टीममधल्या एकाने विचारलं, "मॅडम, ओळखीत कुणी वकील आहे का? बापाने एकदा मुलावरचा हक्क सोडल्याची सही केली, तर तो हक्क परत मिळतो का हो?" घटस्फोट झालाय बिचाऱ्याचा. बायकोच्या नव्या नवऱ्याने मुलगा रीतसर दत्तक घेतला आणि याने तेव्हा रागाच्या भरात संमती देऊन टाकली. मी कप भरता भरता म्हटलं, "नाही मिळत." इतकं फाडकन, की तो बघतच राहिला. जागेवर येऊन बसले खरी, पण दुपारभर समोर स्क्रीनवर काय चाललं होतं ते मला विचारू नका. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होतील आता, आणि मी अजून लोकांना तुमच्या खटल्याचा निकाल सांगत फिरते.

बापाला दादा म्हणायची परवानगी मला सहाव्या वर्षापर्यंतच होती. त्यानंतर मावशीला आई म्हणायचं ठरलं. मावशीचे यजमान तोवर माझे काका होते, ते पप्पा झाले, आणि मग रिकामं झालेलं 'काका' तुम्हाला मिळालं. मोठ्या माणसांनी बसून किती व्यवस्थित वाटणी केली होती! तुम्ही एका शब्दाने तक्रार केली नाहीत. महिन्यातून एकदा, मार्केट यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी, स्वारगेटला बस बदलून तुम्ही विश्रांतवाडीला यायचात, खुर्चीच्या कडेला बसायचात, जसं काही कुणी येऊन उठवणारच आहे. वर्तमानपत्रात बांधलेला गूळ असायचा. तुमच्या शर्टालाही गुळाचाच वास यायचा, त्यात गोणपाटाचा मिसळलेला. आई चहा द्यायची आणि म्हणायची, "काकांना नमस्कार कर." मी करायचे. तुम्ही डोक्यावर हात ठेवायला जायचात आणि मध्येच खिशातला रुमाल काढायचात.

मला दिलंत का, याचा राग मला कधी आला नाही, हे आधी सांगून टाकते. माझी जन्मदाती गेल्यावर तुम्ही पहाटे मार्केट यार्डात हमालीला जायचात आणि मी खोलीत एकटी. एकदा स्टोव्हवरचं पाणी मी हातावर ओतून घेतलं, त्याचा डाग अजून मनगटावर आहे, घड्याळाखाली झाकला जातो. तो डाग बघून तुम्ही मावशीकडे गेलात. तिला मूलबाळ नव्हतं, पप्पांची सरकारी नोकरी, दोन खोल्यांचं घर, पंखा. कुणीही हेच केलं असतं.

पण तुम्ही काय केलंत ते तुम्हाला तरी कुठे कळलं होतं? मी बारा वर्षांची असताना तुम्ही एका रविवारी आलात, इस्त्रीचा शर्ट घालून. बिबवेवाडीत नळ असलेली खोली घेतली होती, गावाकडून तुमची विधवा बहीण कायमची राहायला आली होती, म्हणजे घरात बाईमाणूस होतं. गूळ टेबलावर ठेवलात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला दत्तकपत्राचा कागद काढलात. "आता पोरीला न्यायला आलोय," म्हणालात. "ह्यो कागद हाय माझ्याकडं. सहीबी माझीच हाय."

आई आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा आहे. मग तिच्या लक्षात आलं आणि मलाही आलं. तुमच्या यार्डात गोदामात माल उतरवला की पावती मिळते, आणि ती पावती दाखवली की माल परत. सहा वर्षं तुम्ही तो कागद पावसापाण्यापासून जपला होता तो यासाठी. तुमच्या हिशेबी मी ठेवायला दिलेली होते.

"अहो, ती काय गुळाची ढेप आहे का, सोडवून न्यायला?" आई म्हणाली. तिचं बोलणं आधीच धारदार, त्यात घाबरलेली. "कधी आजारपण काढलंत? कधी शाळेत आलात?" पप्पा मध्ये पडले, "अगं, जरा हळू." तुम्ही कागद परत घडी घालून पिशवीत ठेवलात. चहा प्यायला नाहीत. त्याच्यावर साय धरली, ती मी बघत बसले होते, म्हणून आठवतंय.

मग तुम्ही वकील केलात. त्याने तुम्हाला समजावलं की नोंदणी केलेलं दत्तक बापाला मोडता येत नाही, जन्म दिला असला तरी नाही, परिस्थिती सुधारली तरी नाही. फक्त एकच बारीक फट आहे. दत्तकात मूल प्रत्यक्ष द्यावं आणि घ्यावं लागतं. ते झालंच नसेल, तर नुसता कागद उभा राहत नाही. दावा लावायची मुदतही उलटून गेली होती, तरी बघू म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मी उचलून दिलंच न्हाई तिला. माझा हात लागलाच न्हाई." कागदावर मात्र स्पष्ट लिहिलं होतं, वडिलांनी मुलीस स्वतः उचलून दत्तक मातेच्या मांडीवर दिले. साक्षीदार दोघे. त्यातले एक वारले होते, दुसरे पप्पांचे मित्र. राहिले मी.

कोर्टात जायच्या सकाळी आई माझी वेणी घालतेय. पेड सारखा सुटतोय. मला वाटलं, आता काहीतरी पढवेल. ती म्हणाली, "खरं असेल तेच सांग. जे होईल ते होईल." बस्स. एवढंच. जज बाई होत्या, त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, पाणी दिलं. तुम्ही दाराजवळ उभे होतात, हात पुढे बांधून, टोपी हातात. बाईंनी मऊ आवाजात विचारलं, "बाळ, त्या दिवशी तुझ्या वडिलांनी तुला उचललं होतं का? आठवतंय?"

"हो," मी म्हणाले. "उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता ओरडाल. बाहेर आल्यावर वकील तुमच्यावर डाफरला, म्हणाला, अजून उलटतपासणी घेऊ, पोर पढवलेली दिसते. तुम्ही त्याला म्हणालात, "ऱ्हाऊ द्या साहेब. पोरगी म्हनती दिलं, तर दिलंच असंल मी." मग मला म्हणालात, "घाबरली व्हतीस का? तोंड सुकलंय. उसाचा रस पिती?" मी मान हलवून नाही म्हटलं. पुढच्या तारखेला तुम्ही दावा काढून घेतलात, आणि विश्रांतवाडीला येणंही बंद केलंत. गूळ मात्र दिवाळीला कुणा ना कुणाच्या हाती यायचा.

पुढे मी कंप्युटर इंजिनिअर झाले, कंपनीत लागले. आमच्या धंद्यात सगळं मागे नेता येतं हो, चुकलं की कालच्या जागी परत! तिथे रुळले आणि पहिल्याच वर्षी डेस्कवरचा फोन वाजला. तुमच्या टोळीतले एक हमाल बोलत होते; तुम्ही यार्डातच गेलात, खिशातल्या चिठ्ठीवर नुसता हा नंबर होता, म्हणाले. मी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?" माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं, अंगावर ऑफिसचे कपडे. "मेहुणीची मुलगी," मी म्हणाले. कायद्याने बरोबरच होतं ते. ते म्हणाले, "त्यांची पोरगी कंप्युटरात हाय म्हनं, लई सांगायचे. तिला कळवायला पायजे." मी म्हटलं, "कळवते." लाज वाटते, दादा. अजून वाटते.

तुमच्या पेटीतून तो कागद मला मिळाला, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. हे लिहून झालं की हेही त्यातच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकू? आणि आता जे बारा वर्षांच्या मला जमलं नाही ते सांगते. मला सगळं आठवत होतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मेणबत्त्या लावल्या. बौद्धाचार्य म्हणाले, आता मुलीला उचला. क्विंटलभराची पोती उचलणारे तुम्ही वाकलात, माझ्या काखेपाशी हात आणलेत आणि तसेच मागे घेतलेत. "न्हाई उचलत मला," म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. समोर मावशी बसली होती, माझ्या मेलेल्या आईची हिरवी साडी नेसून. मी त्या साडीकडे आपली आपण चालत गेले.

कोर्टात मी खोटं बोलले. मला त्या घरातलं माझं टेबल हवं होतं, इंग्रजी शाळा हवी होती, आणि शाळेच्या दारात कुणी हमाल नको होता. आईलाही हे आजवर ठाऊक नाही, तिला वाटतं मला तो दिवस नीट आठवतच नव्हता. तुम्ही मला कधीच दिलं नव्हतंत, दादा. ते तुम्हाला पक्कं माहीत होतं, आणि माझ्या शब्दाखातर तुम्ही दिलं म्हणालात.